ढगात नेणारं फ्लाइंग स्कूल: न्यू जर्सीतला इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा कोर्स

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमच्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स असेल, अमेरिकेच्या ईशान्य भागात राहत असाल आणि नियमित विमान उडवत असाल, तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना फक्त यंत्रांवर उडवायची परवानगी, घ्याच. मात्र शाळा अशी निवडा, जी तुम्हाला खऱ्या ढगात घेऊन जाते. लख्ख उन्हात डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू न देणारं झाकण) चढवून तास भरून देणाऱ्या शाळेतूनही परीक्षा पास होता येतं. पण ज्यासाठी पैसे मोजले ते अशा कोर्सात अर्धंच पदरात पडतं.

मी एडिसनला राहते आणि एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. मध्य न्यू जर्सीतल्या एका कंट्रोल टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावर आधी लायसन्स केलं आणि पुढे त्याच शाळेत हे रेटिंग. खाली तक्रारीही आहेत, म्हणून शाळेचं नाव देत नाही. मला खरं बोलायचंय ते या शिक्षणाबद्दल, आणि ते चांगलं कुठे मिळतं हे कसं ओळखायचं याबद्दल.

सुरुवात बाहेर बघून उडवण्यापासून, म्हणजे व्हीएफआरपासून करते. रेटिंग झालेल्या लोकांत व्हीएफआरला बालवर्ग समजायची एक सवय आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. नियम मोजके आहेत. आमच्याकडच्या बहुतेक हवाई क्षेत्रात किमान तीन मैल दिसलं पाहिजे, आणि ढगाच्या खाली ५०० फूट, वर १,००० फूट, बाजूने २,००० फूट अंतर राखलं पाहिजे. बाकी सगळं डोळ्यांवर. विंडशील्डमध्ये क्षितिजाची रेघ कुठे येते त्यावरून नाक वर की खाली ते कळतं. इंजिनाचा आवाज बदलला की वेग बदलल्याचं यंत्राआधी समजतं. राउंड व्हॅलीचं धरण, हायवे २८७, रॅरिटन नदीची वळणं, डेलावेअर वॉटर गॅपची खिंड हे सगळं नकाशावरून उचलून डोक्यात बसतं, आणि काही महिन्यांत आपलं राज्य आपल्याला वरून तोंडपाठ होतं.

यातलं सर्वांत सुंदर म्हणजे हडसन नदीवरचं उड्डाण. नदीवर १,३०० फुटांच्या खाली एक अरुंद पट्टा मोकळा ठेवलाय. वर नेवार्क, लाग्वार्डिया आणि केनेडी या विमानतळांचं कडक नियंत्रणाखालचं आकाश. पट्ट्यात मात्र कंट्रोलर कुणी नाही. सगळे १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर आपापला ठावठिकाणा सांगत जातात: अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, इंट्रेपिड, क्लॉक, स्टॅच्यू, व्हेराझानो. (क्लॉक म्हणजे जर्सी सिटीच्या काठावरचं कोलगेटचं ते भलंमोठं घड्याळ.) उत्तरेला जाणाऱ्याने मॅनहॅटनचा काठ धरायचा, दक्षिणेला जाणाऱ्याने जर्सीचा, आणि वेग १४० नॉटच्या आत ठेवायचा. इथे नजर आत वळवून यंत्रांकडे बघत बसणं धोक्याचं आहे. समोरून हेलिकॉप्टर येतंय का, ते तुम्हाला स्वतःच बघायचं असतं. माझ्या भावाला साताऱ्याहून आल्यावर मी पहिल्यांदा इथेच नेलं, आणि आयएफआरवाल्या, म्हणजे यंत्रांवरच्या, एकाही उड्डाणात त्याला एवढं दाखवता आलं नसतं.

पण डोळ्यांचं हे राज्य एका ढगात संपतं. प्रायव्हेट लायसन्सच्या किमान ४० तासांत यंत्रांवरचं शिक्षण फक्त तीन तासांचं आहे. चुकून ढगात शिरलात तर वळून बाहेर यावं, एवढ्यापुरतंच. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. यंत्रांवर उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगात सापडल्यासारख्या परिस्थितीत ठेवलं. विसांतल्या एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

कारण आपल्या कानात आहे. चक्कर येण्यावरच्या गोळ्या रोज हाताखालून जातात, त्यामुळे आतल्या कानाची रचना मला आधीपासून पाठ होती. तिची ताकद काय असते ते विमानात कळलं. अर्धवर्तुळाकार नळ्यांना हळूहळू सुरू झालेलं वळण जाणवतच नाही. आणि एकसारखं वळत राहिलं की नळीतला द्रव स्थिरावतो, मेंदू म्हणतो आपण सरळ चाललोय. मग विमान खरोखर सरळ केलं की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. माणूस तो भास 'सुधारायला' जातो आणि परत त्याच वळणात शिरतो, या वेळी नाक खाली करून.

आमच्या भागात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर इथल्याच काल्डवेलच्या विमानतळावरून पाइपर साराटोगा घेऊन मार्थाज व्हिनयार्डकडे निघाले. सोबत पत्नी आणि मेव्हणी. इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण सुरू होतं, रेटिंग झालेलं नव्हतं. हवा नियमाप्रमाणे व्हीएफआरचीच होती. पण रात्र, धुरकट आकाश आणि खाली काळं पाणी, त्यामुळे क्षितिजच नाही. विमान समुद्रात कोसळलं, तिघेही गेले. चौकशीत निष्कर्ष निघाला तो दिशाभ्रमाचा. काल्डवेल माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे आणि त्या उड्डाणाची हकिगत या भागातला प्रत्येक इन्स्ट्रक्टर आपल्या विद्यार्थ्याला कधी ना कधी सांगतो. त्या रात्री नियम कुठेच मोडला नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. मी कोर्सला नाव घातलं ते त्यामुळे.

आता कोर्स. पहिले काही आठवडे फक्त नजर फिरवायचं शिक्षण. आमच्या शाळेत एक सेस्ना १७२ विमान काचेच्या, म्हणजे स्क्रीनवाल्या, नव्या पॅनेलचं आहे आणि दुसरं सहा गोल डायलचं जुनं. इन्स्ट्रक्टरनी जुनंच घ्यायला लावलं, आणि मी तुम्हालाही तेच सांगेन. मध्ये वरती कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं डायल. नजर तिथून उंचीवर जाते आणि परत येते, दिशेवर जाते आणि परत येते, वेगावर जाते आणि परत येते. एका डायलवर रेंगाळलात की बाकीची पाच पळालीच. यातलं कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो स्पेरीच्या कारखान्यातून आणि अचूक अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) कोल्समनकडून घेऊन जिमी डूलिटल २४ सप्टेंबर १९२९ रोजी लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर उडाले होते. कॉकपिटवर झाकण, बाहेरचं काही दिसत नाही, आणि टेकऑफपासून लँडिंगपर्यंत सगळं यंत्रांवर. पुढच्या सीटवर बेन केल्सी नावाचे पायलट सुरक्षेसाठी बसले होते. मिचेल फील्ड आमच्यापासून नदीपलीकडेच. माझ्या समोरच्या पॅनेलचा जन्म इतक्या जवळ झालाय हे कळल्यावर मला त्या डायलांबद्दल वेगळीच आपुलकी वाटायला लागली.

मग आलं हूड. शाळा फॉगल्स देते. चष्म्याची वरची काच धुरकट, खालचा भाग स्वच्छ, म्हणजे बाहेरचं जाऊन फक्त पॅनेल दिसतं. वस्तू स्वस्त, हलकी, नाकावर बसते, सुरुवातीला उत्तम. आम्ही सोलबर्गच्या व्हीओआरवर (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रावर) होल्डिंगच्या, म्हणजे एकाच जागी थांबून राहायच्या, चकरा घालायचो. सेकंदाला तीन अंशांचं वळण, दोन मिनिटांत पूर्ण गोल, वारा कुठून येतोय ते ओळखून बाहेर जाण्याची वेळ कमी-जास्त करायची. होल्डिंगमध्ये शिरायच्या तीन पद्धती कागदावर कटकटीच्या वाटतात, हवेत सरावाने बसतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण फॉगल्समध्ये एक गळती आहे आणि तिच्याबद्दल शाळा सहसा बोलत नाहीत. उन्हाच्या दिवशी खिडकीतून आलेला प्रकाशाचा चौकोन पॅनेलवर पडतो. विमान वळलं की तो चौकोन सरकतो. अल्टिमीटरवरून घसरून रेडिओवर येतो, तिथून माझ्या मनगटावर. नजर यंत्रांवर असली तरी शरीराला ते कळतं आणि तोल आपोआप सावरला जातो. चष्म्याच्या कडेने जमिनीचा हिरवेपणाही झिरपत असतो. म्हणजे आपण यंत्रांवर उडवतोय असं वाटतं, प्रत्यक्षात अर्धी मदत बाहेरूनच येत असते. हे मला माझ्या दुसऱ्या इन्स्ट्रक्टरनी दाखवलं. पहिले अर्ध्या कोर्सात एअरलाइनमध्ये गेले. अमेरिकेत एअरलाइनला १,५०० तास लागतात, तरुण मुलं ते भरायलाच शिकवतात आणि भरले की जातात, त्यामुळे हा अनुभव कोणत्याही शाळेत येऊ शकतो. माझी तक्रार एवढीच की शाळेने ते आधी सांगितलं नाही, आणि नव्या माणसाला माझी पातळी कळावी म्हणून आधीचेच धडे माझ्या खर्चाने परत घेतले.

नवे इन्स्ट्रक्टर मात्र या कोर्सातली सर्वांत मोलाची गोष्ट निघाले. वय सत्तरीच्या पुढे, एअरलाइनमधून निवृत्त, आणि हवा खराब झाली की फोन करून बोलावणारे. बाकीचे शिक्षक ढग आले की धडा रद्द करायचे. हे उन्हाच्या दिवशी म्हणायचे, आज सिम्युलेटरवर बसा.

ऑक्टोबरातल्या अशाच एका सकाळी ढगांचा तळ हजार-बाराशे फुटांवर होता आणि वरची कड चार हजारांच्या आसपास. बर्फ धरायची भीती नाही इतकी ऊब होती. टेकऑफनंतर झाडं, गोदामं, टर्नपाइकवरच्या ट्रकची रांग, आणि मग एकदम काही नाही. काचेवर पाण्याचे थेंब आले आणि वाऱ्याने उलटे, वरच्या दिशेने सरपटायला लागले. राखाडी रंगाला ना खोली, ना कड. काही क्षणांत मला पक्कं जाणवायला लागलं की विमान डावीकडे कललंय. डायलवर पंख सपाट. दिशेचा काटा स्थिर. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटरही सरळ. तीन साक्षीदार एक सांगतायत आणि माझी मान, खांदा, मांडी सगळं दुसरंच. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "वाटू दे. हात हलवू नकोस." मी नजर फिरवत राहिले आणि दोन-एक मिनिटांत तो भास विरघळला. मग त्यांनी मुद्दाम नवी क्लिअरन्स (कंट्रोलरने दिलेली मार्गाची परवानगी) लिहून घ्यायला सांगितली, मान न वाकवता. पाटी मांडीवर नको, नजरेच्या उंचीला धर म्हणाले. वळणात असताना डोकं झटकन खाली घातलं तर कानातल्या नळ्या एकदम ढवळतात आणि विमान कोलमडतंय असं वाटतं. हूडखाली हे कधी जाणवलंच नव्हतं.

त्याच उड्डाणात ॲलनटाउनला धावपट्टी ६ चा आयएलएस अप्रोच केला, म्हणजे रेडिओ किरणांच्या वाटेवरून यंत्रांवर धावपट्टीकडे उतरत आलो. दोन काटे, एक डाव्या-उजव्याचा, एक उतरणीचा. जमीन जवळ येते तसे ते जास्त जास्त संवेदनशील होत जातात, आणि हातांनी मात्र कमी कमी हालचाल करायची असते. आयएलएसला बहुतेक ठिकाणी जमिनीपासून २०० फुटांपर्यंत खाली यायची मुभा असते. तोवर दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर ताकद देऊन परत वर. आम्हाला त्याच्या बरंच आधी अप्रोचचे दिवे दिसले, समोर, अगदी मधोमध. मला इतका आनंद पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं तेव्हाही झाला नव्हता. उतरल्यावर इन्स्ट्रक्टरनी कॉफी पाजली आणि कॉफी पिताना काटा शेवटच्या मैलात कुठे हलला होता ते सगळं परत सांगितलं.

सिम्युलेटरबद्दल. शाळेत रेडबर्ड कंपनीचा आहे. कोर्सातल्या ४० तासांपैकी, मान्यतेच्या पातळीनुसार, १० किंवा २० तास अशा यंत्रावर चालतात. आमचं वरच्या पातळीचं होतं. पूर्ण वापर करा. त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे थांबवायचं बटण. अप्रोच बिघडला की तिथेच गोठवून, काय झालं ते नकाशावर बघून, पुन्हा सुरू करता येतो. व्हॅक्युम पंप बंद पडला तर काय, हेही इथेच शिकावं. जुन्या विमानात कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो दोन्ही त्याच पंपावर चालतात आणि बंद पडताना सांगून पडत नाहीत, हळूहळू झुकत जातात. विमानात इन्स्ट्रक्टर या दोन डायलांवर रबरी चकत्या चिकटवतात, तेव्हा बिघाड झाल्याचं तुम्हाला आधीच कळलेलं असतं. सिम्युलेटर तो चोरून आणतो. सिम्युलेटरमध्ये मळमळ मात्र होते. त्यावर मेक्लिझिन घेऊन उडू नका, एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमात ती बसत नाही आणि झोपही आणते. मी आलेपाकाच्या वड्या ठेवते, मला तरी पुरतात.

पैशांचं सरळ सांगते. सेस्ना तासाला १९० डॉलर, इन्स्ट्रक्टर ८५, सिम्युलेटर ७०. परीक्षकाची फी वेगळी. माझा खर्च १३,००० डॉलरच्या वर गेला. माहितीपत्रकातला आकडा किमान तासांचा होता आणि त्यापेक्षा बराच कमी. नोकरी सांभाळून करणाऱ्याने त्यावर तिसरा हिस्सा वाढवूनच हिशेब मांडावा. एक खर्च तर मला कुणीच सांगितला नव्हता. टॉवर नसलेल्या विमानतळावरून आयएफआरने निघताना फोनवर क्लिअरन्स घ्यावी लागते, आणि अमुक वाजेपर्यंत उडाला नाहीत तर ती रद्द. न्यूयॉर्कच्या आकाशात गर्दी असली की ती मिळायलाच उशीर होतो. आपण धावपट्टीच्या टोकाला इंजिन चालू ठेवून बसायचं आणि तासाचं मीटर पळत राहायचं. त्यात मार्गही वळसा घालून देतात. जुन्या विमानाचा दुसरा नॅव्हिगेशन रेडिओ कित्येक आठवडे बंद होता. शाळेने दुरुस्तीला फार वेळ लावला आणि त्या काळात भाडं एक डॉलरनेही कमी केलं नाही. हे योग्य नाही.

आणि एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. या रेटिंगमुळे वाटेल त्या हवेत जाता येत नाही. सेस्ना १७२ ला बर्फ धरणाऱ्या ढगात जायची परवानगी नाही, त्यामुळे जर्सीतल्या हिवाळ्यातले बहुतेक ढग बाद. उन्हाळ्यातल्या दुपारची वादळं बाद. उरतात ती वसंतातली आणि पानगळीतली मळभाची दिवसं, समुद्राकडून येणारा सकाळचा पातळ थर, आणि उन्हाळ्यातली धुरकट हवा. तेवढ्यासाठी एवढे पैसे? मी म्हणते हो. त्या धुरकट संध्याकाळी क्षितिज हरवतं तेव्हा माझी नजर आता आपोआप आत जाते आणि तिथे क्षितिज सापडतं. व्हीएफआर उड्डाणातसुद्धा माझी उंची, दिशा, रेडिओवरचं बोलणं सगळं नेटकं झालंय. एक तोटाही दिसला, तो लिहिते: कोर्स संपल्यावर नजर आत जायची सवय एवढी लागते की हडसनवर ती जाणीवपूर्वक मोडावी लागते. म्हणून कोर्स चालू असतानाही अधूनमधून हूडशिवाय, नकाशा घेऊन, कुठेतरी नुसतं बघायला उडून या.

लेखी परीक्षा ६० प्रश्नांची, पासला ७० टक्के; अभ्यास केला की होते. चेकराइड, म्हणजे परीक्षकासोबतची उड्डाणाची परीक्षा, शांतपणे पार पडली.

पुण्या-मुंबईकडच्या पालकांचे मला फोन येतात, मुलाला कमर्शिअल पायलटच्या लायसन्ससाठी अमेरिकेत कुठे पाठवू म्हणून. ॲरिझोनासारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी तास पटापट भरतात, खर्च आटोक्यात राहतो आणि ते आकर्षण मी समजू शकते. पण तिथे इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण बहुतांशी हूडखालीच होतं. मुलगा परत येऊन पावसाळ्यात मुंबईला उतरणार असेल, तर त्याने विद्यार्थी असतानाच, शेजारी जाणता माणूस बसलेला असताना, थोडं तरी खरं ढग बघितलेलं असावं. शाळेला फोन कराल तेव्हा भाडं नंतर विचारा. आधी विचारा की गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात खऱ्या ढगातले तास साधारण किती आहेत. चांगली शाळा लगेच आकडा सांगते. "हवेवर अवलंबून आहे" एवढंच उत्तर आलं तर पुढची शाळा बघा.

रेटिंग मिळालं की सराव चालू ठेवावा लागतो: दर सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग आणि मार्ग पकडून चालणं, नाहीतर ढगात जायचा हक्क तात्पुरता जातो. माझ्या शाळेत यासाठी सिम्युलेटरचं सवलतीचं पॅकेज आहे, ते मी घेतलंय आणि चालूही ठेवणार आहे. तुम्ही इकडे कोर्स करणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळच्या वेळा आताच धरून ठेवा, ऑगस्टमध्येच त्या भरतात. आणि विमान गोल डायलचं मागा.